ऑटोफोकसवाले जुने फिल्म एसएलआर : कोणाकडे आहेत, कोण वापरतंय?

रीळवाला (सातारा)

गेल्या महिन्यात पुण्यात काम होतं. बुधवार होता, म्हणून जुन्या बाजारात चक्कर मारली. एका ताडपत्रीवर दोन कॅमेरे शेजारीशेजारी मांडलेले. एक सगळा धातूचा, मॅन्युअल, शटर अडकलेलं. दुसरा निकॉन एफ-८०१. माझ्यादेखत तिघांनी पहिला उचलून कौतुकाने फिरवून पाहिला आणि दुसरा "हा ऑटोमॅटिकवाला आहे" म्हणून खाली ठेवला. मी टपरीवरून चार पेन्सिल सेल आणले, घातले, बटण सरकवलं. पडद्यावर आकडे उमटले. शटर दाबलं तर खणखणीत आवाज. दोन हजार दोनशे रुपयांना तो घरी आला.

हा धागा त्याच्यासाठी आणि त्याच्या पिढीसाठी, म्हणजे १९८५ ते साधारण २००५ या काळातल्या ऑटोफोकस एसएलआर बॉड्यांसाठी (एसएलआर म्हणजे लेन्समधलंच दृश्य आरशावरून डोळ्याला दाखवणारा कॅमेरा, बॉडी म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा). संग्रह करणाऱ्यांना पितळ-पोलाद हवं असतं, वापरणाऱ्यांना डिजिटल हवं असतं. मधल्या मधे हे कॅमेरे भंगारात चाललेत आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. ज्याला आज खरोखर रोल भरून फोटो काढायचेत, त्याला यांच्याइतका सोबती दुसरा मिळणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

थोडा इतिहास. एसएलआरमध्ये ऑटोफोकस आणायची खटपट आधीपासून चालू होती. १९८१ च्या पेंटॅक्स एमई-एफच्या खास लेन्समध्ये मोटर आणि सेल दोन्ही लेन्सच्याच पोटात होते. १९८३ मध्ये निकॉनने एफ३एएफ काढला. दोन्ही अवजड, महाग, आणि ऑटोफोकस लेन्स मोजून एक-दोन. १९८५ च्या सुरुवातीला मिनोल्टा ७००० आला आणि चित्र पालटलं. फोकसची मोटर बॉडीत, लेन्सला फिरवणारा छोटा स्क्रू माउंटमध्ये (लेन्स जिथे बसते त्या कड्यात), रोल पुढे नेणारी मोटरही आतच. मोठी गोष्ट म्हणजे त्याच्यासोबत लेन्सचं अख्खं कुटुंब बाजारात आलं. निकॉनचं उत्तर १९८६ मध्ये, एफ-५०१. कॅननने १९८७ मध्ये ईओएस ६५० काढताना आपला जुना एफडी माउंट सोडून दिला आणि मोटर प्रत्येक लेन्समध्येच घातली. बॉडी आणि लेन्स यांच्यात फक्त विजेचे संपर्कबिंदू, यांत्रिक दांडा एकही नाही. तेव्हा जुनी गिऱ्हाइकं खूप चिडली होती. पण तोच ईएफ माउंट पुढे डिजिटल एसएलआरलाही पुरला.

माझ्या एफ-८०१ बद्दल सांगायचं तर १९८८ चा हा कॅमेरा सेकंदाच्या १/८००० भागापर्यंत शटर देतो. फ्लॅश १/२५० पर्यंतच्या शटरगतीशी जुळतो. बॅटरी म्हणजे कुठल्याही खेड्यात मिळणारे पेन्सिल सेल. निकॉनच्या जुन्या, हाताने फोकस करायच्या एआय लेन्स लावल्या तरी उजेड मोजणारा मीटर चालतो आणि व्ह्यूफाइंडरमधली खूण फोकस बरोबर झाला की सांगते. फोकसबिंदू एकच, मधोमध. एवढ्यावर मी गेल्या चार आठवड्यांत तीन रोल संपवले: एक अजिंक्यताऱ्यावर, एक पुतणीच्या साखरपुड्यात, एक नुसता बाजारात फिरत. साखरपुड्यातल्या ३६ फोटोंत फोकस चुकलेला एकही नाही. मॅन्युअल कॅमेऱ्यावर हलत्या माणसांचं असं मला कधी जमलं नव्हतं.

तुमच्याकडे काय आहे? चालू आहे का? नसेल तर काय बिघडलंय? लिहा.

पितळीकडा

धागा आवडला, पण पूर्ण सहमत नाही. माझा निकॉनचा मॅन्युअल एफएम२ बॅटरीशिवाय सगळ्या शटरगतींवर चालतो, फक्त मीटर बंद पडतो. चाळीस वर्षांनी एखादा गिअर झिजला तर कारागीर नवा घडवू शकतो. तुमच्या कॅमेऱ्यातली चिप गेली तर ती कोण घडवणार? संग्रह पुढच्या पिढीला द्यायचा असतो. उद्या जे नक्की मरणार आहे, ते मी जमवणार नाही.

शिवाय लिव्हर ओढण्यात एक थांबणं असतं. मोटर घर्रकन रोल पुढे नेते आणि बोट पुन्हा शटरवर जातं.

रीळवाला (सातारा)

पितळीकडा, चिपचा मुद्दा शंभर टक्के मान्य. यांची इलेक्ट्रॉनिक्स गेली की दुसऱ्या मेलेल्या बॉडीतून सुटे भाग काढणं एवढाच उपाय उरतो. मी स्वतः एफ-८०१ ची एक बंद बॉडी त्याचसाठी शोधतोय. पण मला त्यातून उलटी गोष्ट सुचते. ज्याचं आयुष्य मोजकं राहिलंय ते कपाटात ठेवून काय मिळणार? आज चालतोय, आज वापरायचा.

थांबण्याचं म्हणाल तर एफ-८०१ वर एकेकच फोटो निघेल असं ठेवता येतं. आणि रोलची किंमतच आता बोट आवरायला लावते.

अंधारखोली (पुणे)

मी नव्वदच्या दशकात एका दैनिकासाठी फोटो काढत होतो, तेव्हा या बॉड्या आमची रोजीरोटी होत्या. दोन गोष्टी सांगतो, कारण ऑटोफोकस कसा चालतो हे कळलं नाही तर लोक कॅमेऱ्याला दोष देतात.

लेन्समधून आलेला बहुतेक प्रकाश आरशावरून वर व्ह्यूफाइंडरकडे जातो. पण आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून थोडा प्रकाश पलीकडे जातो, मागच्या छोट्या आरशावर पडून खाली कॅमेऱ्याच्या तळाशी वळतो. तिथे लेन्सच्या दोन बाजूंनी आलेली एकाच वस्तूची दोन चित्रं सेन्सरच्या रांगेवर उमटतात. फोकस जुळलेला असेल तर दोन चित्रांमधलं अंतर ठरलेलं असतं. पुढे किंवा मागे असेल तर ते कमी-जास्त होतं. किती फिरायचं आणि कुठल्या दिशेला, हे त्यावरून लगेच कळतं, म्हणून लेन्स चाचपडत बसत नाही.

आता यातली मेख. सुरुवातीच्या बॉड्यांत ही सेन्सरची रांग एकच, आडवी. तिला उभ्या रेषा दिसतात, आडव्या दिसत नाहीत. खिडकीच्या आडव्या गजांवर, समुद्राच्या क्षितिजावर, साडीच्या आडव्या काठावर ती हरवते, लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहते. कॅमेरा खराब झाला म्हणून लोक परत करायचे! उपाय साधा आहे: कॅमेरा थोडा तिरका किंवा उभा धरा, फोकस घ्या, शटर अर्धं दाबून ठेवा, मग सरळ करा. १९८९ च्या ईओएस-१ मध्ये मधला बिंदू आडवं-उभं दोन्ही पाहणारा झाला. पुढे १९९८ मध्ये ईओएस ३ ने ४५ बिंदू दिले.

त्याच अर्धपारदर्शक आरशामुळे या बॉड्यांवर जुना साधा (लिनिअर) पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, लावू नका. सर्क्युलर प्रकारचा घ्या, नाहीतर फोकस आणि मीटर दोन्ही गंडतात. जुन्या बाजारात फिल्टर स्वस्त दिसला म्हणून उचलताना रिंगवरची अक्षरं वाचा.

सुईदोरा (नागपूर)

अंधारखोली, आडव्या रेषांचं आज पहिल्यांदा कळलं. माझ्याकडे मिनोल्टा ७००० आहे, मामांनी दिलेला. पैठणीच्या काठांचे फोटो काढताना तो नेमका अडायचा आणि मला वाटायचं वय झालं त्याचं. आज संध्याकाळी कॅमेरा उभा धरून बघितलं. टिक् करून लागला फोकस. धन्यवाद!

अल्फामाउंट

मिनोल्टाचं नाव निघालं, आता मला राहवत नाही.

७००० बद्दल सगळे बोलतात, पण माझा जीव ९००० वर आहे. तोही १९८५ चाच. ऑटोफोकसची मोटर बॉडीत असूनही रोल मात्र हाताने लिव्हर ओढून पुढे न्यायचा. पितळीकडा, तुम्हाला हवं ते थांबणं आणि रीळवाल्यांना हवा तो फोकस एकाच बॉडीत! मोटर हवी तर वेगळी खाली जोडायची.

मिनोल्टाला या यशाची किंमतही मोजावी लागली. ऑटोफोकसच्या पेटंटवरून हनीवेल या अमेरिकन कंपनीशी कोर्टात गेलेलं प्रकरण १९९२ मध्ये १२ कोटी ७५ लाख डॉलर देऊन मिटलं. अमेरिकेत हे कॅमेरे मॅक्सम नावाने विकले जात. पहिल्या काही बॉड्यांवर नावातले दोन एक्स एकमेकांत गुंफलेले आहेत. एक्सॉन तेल कंपनीने हरकत घेतल्यावर ती अक्षरं बदलली. गुंफलेल्या एक्सवाली बॉडी दिसली तर संग्राहक थांबतात.

२००३ मध्ये कोनिका आणि मिनोल्टा एक झाल्या, २००६ मध्ये कॅमेऱ्याचा धंदा सोडला आणि तो सोनीकडे गेला. पण माउंट जगला. १९८५ ची ५० मिमी एफ १.७ लेन्स सोनीच्या अल्फा १०० या डिजिटल एसएलआरवर सरळ बसते. माझ्याकडे ७०-२१० एफ ४ आहे, जिला सगळे 'बीअरकॅन' म्हणतात. धातूची, जड, पूर्ण झूमभर एफ ४ इतकंच मोठं छिद्र. तिचे रंग मला आजच्या बऱ्याच लेन्सपेक्षा आवडतात.

खाडीकाठ (रत्नागिरी)

नमस्कार. मी या विषयात अगदी नवीन आहे. बाबा मस्कतला नोकरीला होते, तिथून त्यांनी १९८९ साली एक ऑटोफोकस कॅमेरा आणला होता. आमच्या लहानपणचे सगळे फोटो त्यातले. साधारण २००४ नंतर तो पेटीतच होता. आता बाबा ७४ वर्षांचे आहेत आणि त्यांच्या हातात तो पुन्हा द्यावा असं मला फार वाटतं.

नवी बॅटरी घातली. कॅमेरा सुरू झाला, फोकसही करतो. एक रोल काढून मुंबईला धुवायला पाठवला. बऱ्याच फोटोंचा वरचा भाग काळा आला, काही पूर्णच काळे. लॅबवाले म्हणाले रोल बरोबर धुतलाय. लेन्समध्ये टॉर्च धरून पाहिलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतं. हे दुरुस्त होण्यासारखं आहे का? बाबांना अजून काही सांगितलेलं नाही.

अंधारखोली (पुणे)

खाडीकाठताई, घाबरू नका. मागचं दार उघडा, रोल काढलेला असू द्या. आत समोर शटरच्या पडद्याची पातळ पाती दिसतील. त्यांना बोट लावू नका, नुसतं उजेडात तिरकं धरून पाहा. डांबरासारखे काळे, चिकट डाग आहेत का?

खाडीकाठ (रत्नागिरी)

हो! खालच्या बाजूला दोन-तीन डाग आहेत, ओले असल्यासारखे चमकतात.

अंधारखोली (पुणे)

मग तोच आजार. त्या काळच्या अनेक बॉड्यांत पात्यांचा धक्का शोषायला फोमचा छोटा तुकडा लावलेला असे. तीस-पस्तीस वर्षांत तो विरघळून चिकट होतो आणि पात्यांवर पसरतो. पाती एकमेकींना चिकटतात, वेळेवर उघडत नाहीत, म्हणून फोटोचा भाग काळा येतो. निदान सोपं आहे आणि कॅमेरा मेलेला नाही.

कानाच्या बड्सवर आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही अगदी ओलसर, ठिबकेल इतकं नको. डाग फक्त टिपून घ्यायचा, दाबायचं नाही. मग शटर दहा-वीस वेळा दाबायचं, नवीन डाग वर येईल, तो टिपायचा. असं अनेकदा. पाती कागदासारखी पातळ असतात, वाकली तर संपलं. म्हणून तुम्ही स्वतः करू नका असंच सांगेन. जाणत्या कारागिराकडे द्या आणि मूळ फोमही काढून टाकायला सांगा, नाहीतर काही महिन्यांनी तेच पुन्हा होईल. मुंबईत फोर्टला बोरा बाजारच्या बाजूला विचारत गेलात तर असं काम करणारे अजून भेटतात.

जाळं म्हणजे बुरशी. कोकणात लेन्स कातडी पिशवीत ठेवली की होणारच, कातडं ओल धरून ठेवतं. वरवरची असेल तर लेन्स उघडून पुसता येते. काचेच्या लेपात शिरली असेल तर डाग राहतो, पण फोटोत तो फारसा दिसत नाही. उजेड समोरून असेल तेव्हा चित्र थोडं धुरकट होतं. ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

मीठागर (वसई)

बुरशीवर माझी पद्धत लिहितो. महागडं ड्राय कॅबिनेट नाही माझ्याकडे. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० मध्ये ठेवतो. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा डब्यात. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला. अकरा पावसाळे झाले, सात लेन्स, एकीलाही बुरशी नाही. आणि महिन्यातून एकदा प्रत्येक कॅमेरा बाहेर काढून पाच-दहा वेळा शटर दाबतो. ठेवताना सेल मात्र काढायचेच. सेल फुटून संपर्कपट्ट्या हिरव्या झाल्याने मेलेल्या बॉड्या मी खूप पाहिल्यात.

नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच बॉड्यांचा रबरी लेपही आपल्या हवेत चिकट होतो. त्यालाही आयसोप्रोपिल आणि मऊ कापड. लेप सगळा निघून जातो, खालचं प्लॅस्टिक चकचकीत दिसतं, पण हाताला लागत नाही.

पहिलारोल

माझा वेगळा प्रश्न. माझ्याकडे निकॉनचा डिजिटल एसएलआर आहे आणि ताईकडे कॅननचा. त्याच लेन्स वापरता येतील अशी फिल्म बॉडी कोणती घेऊ? बजेट पाच हजारांच्या आत.

रीळवाला (सातारा)

पहिलारोल, ताईचा ५० मिमी एफ १.८ असेल तर काम सर्वांत सोपं. ती लेन्स कुठल्याही फिल्म ईओएसवर चालते, नवी असली तरी. मात्र ईएफ-एस लिहिलेल्या लेन्स, म्हणजे किटमधली १८-५५ वगैरे, फिल्म बॉडीवर बसतच नाहीत. १९९९ चा ईओएस ३०० हलका आणि स्वस्त मिळतो. तो रोल भरताच सगळा आधी बाहेर ओढून घेतो आणि मग एकेक फोटो डबीत परत सरकवत जातो. त्यामुळे चुकून दार उघडलं तरी काढलेले फोटो डबीत सुरक्षित असतात. नवशिक्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

निकॉनमध्ये जरा बघून. डीएक्स, म्हणजे छोट्या डिजिटल सेन्सरसाठीच्या लेन्स बसतात पण कोपरे काळे येतात. एएफ-पी लेन्स फिल्म बॉडीवर फोकसच होत नाहीत. एएफ-एस (स्वतःत मोटर असलेल्या) लेन्स असतील तर एफ८० किंवा एफ१०० पाहा, एफ-८०१ वर त्या आपोआप फोकस होणार नाहीत. उलट, बॉडीतल्या मोटरवर फोकस होणारी जुनी ५० मिमी एएफ-डी लेन्स बॉडीत मोटर नसलेल्या डिजिटल निकॉनवर हाताने फोकस करावी लागते, पण एफ-८०१ वर झटक्यात चालते. म्हणून एफ-८०१ आणि ५० मिमी एएफ-डी ही जोडी मी कोणालाही डोळे मिटून सुचवीन.

बॅटरीही विचारात घ्या. एफ-८०१, एफ९०, एफ१०० यांना पेन्सिल सेल. एफ८० ला सीआर१२३ए दोन, ईओएस ३०० ला सीआर२ दोन, जुन्या ईओएस ६५० ला २सीआर५. या लिथियम बॅटऱ्या गावात मिळत नाहीत, मागवाव्या लागतात आणि त्यांची किंमत बोचते.

अंधारखोली (पुणे)

त्यात एक भर. मोठ्या रिळातून भरलेल्या स्वस्त डब्या घेत असाल तर डबीवर काळ्या-चंदेरी चौकटींचा डीएक्स कोड आहे का पाहा (वरच्या डीएक्स लेन्सशी याचा संबंध नाही). हा कोड कोडॅकने १९८३ मध्ये आणला आणि या बॉड्या त्यावरूनच फिल्मचा वेग (आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता) ओळखतात. कोड नसेल तर बहुतेक बॉड्या १०० धरतात. काही स्वस्त बॉड्यांत तो हाताने बदलताच येत नाही.

आणि रंगीत रोल लॅबला द्या, पण कृष्णधवल घरी धुवा. एचपी५ प्लस हा कृष्णधवल रोल, डी-७६ हे धुण्याचं रसायन पाण्यात एकास एक, २० अंशांना ११ मिनिटं. मे महिन्यात टाकीचं पाणी तापलेलं असतं, तेव्हा परातीत बर्फाचं पाणी घालून बाटल्या त्यात तासभर आधी ठेवा. आम्ही ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे 'इंदू' रोल असेच धुतले. तो कारखाना बंद झाल्याचं दुःख मला अजून आहे. आपल्या देशात बनलेला रोल भरायचा, ती भावना वेगळी होती.

दूरदेशी (न्यू जर्सी)

इकडे जुन्या वस्तूंच्या दुकानांत मॅक्सम आणि ईओएस वरचेवर दिसतात. मागच्या दिवाळीला पुण्याला येताना भाच्यासाठी एक घेऊन आलो. एक सूचना: रोल सामानात टाकू नका, हातात ठेवा. विमानतळांवर आता केबिन बॅगेसाठी सीटी स्कॅनर आलेत, त्यांतून फिल्म गेली तर धुरकट होते, वेग कितीही कमी असला तरी. मी रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवतो आणि हाताने तपासायची विनंती करतो. नम्रपणे, वेळ हातात ठेवून सांगितलं की बहुतेक वेळा ऐकतात.

पितळीकडा

धागा सुरुवातीपासून पुन्हा वाचला. माझं चिपबद्दलचं मत बदललेलं नाही. पण खाडीकाठताईंचा कॅमेरा संग्रहात मोडतच नाही, तो त्यांच्या घरातला माणूस आहे. तो चालू व्हायलाच हवा. काय झालं कळवा.

आणि अल्फामाउंट, ९००० कुठे विकाऊ दिसला तर मला सांगाल का?

खाडीकाठ (रत्नागिरी)

सात आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. कॅमेरा मुंबईच्या कारागिरांकडे तीन आठवडे होता. फोम काढला, पाती साफ केली, लेन्स उघडून पुसली. मागच्या काचेवर एक ठिपका राहिलाय, तो जाणार नाही म्हणाले.

बाबांच्या हातात दिला तेव्हा ते काही बोलले नाहीत. आधी पट्टा गळ्यात घातला, मग मागचं दार उघडून रोल कसा बसवायचा ते मला दाखवायला लागले. त्यांची बोटं आता थरथरतात, बारीक रिंग फिरवून फोकस त्यांना जमला नसता. इथे नुसतं अर्धं बटण दाबायचं. जेटीवर गेलो तेव्हा क्षितिजावर लेन्स पुढे-मागे फिरत राहिली. मी तुम्ही सांगितलेलं सांगायला गेले, तर त्यांनी आधीच कॅमेरा उभा धरला होता. म्हणाले, "मस्कतला समुद्रावर हे रोज करायचो."

३६ पैकी ३३ फोटो स्वच्छ आले. काळा पट्टा कुठेच नाही. जाळी विणणाऱ्या दोन भावांचा एक फोटो आहे, त्यात मागचं पाणी सगळं सोनेरी झालंय. तोच मोठा करून ओटीवर लावायचा म्हणतात.

आता बाबा विचारतायत, एचपी५ कुठून मागवायचा आणि डी-७६ ची पुडी किती दिवस टिकते. अंधारखोली, सांगाल का? न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावून झालाय.

अंधारखोली (पुणे)

पुडी बंद असेल तर खूप टिकते. कालवल्यावर काठोकाठ भरलेल्या बाटलीत सहा महिने, अर्ध्या भरलेल्या बाटलीत दोन. एक लिटरचीच पुडी घ्या, मोठी नको. रोल कुठून मागवायचा ते व्यक्तिगत निरोपात कळवतो. आणि बाबांना माझा नमस्कार सांगा.